घरातला उन्हाळा मोजायचाय, पण मोजणार कोण?

प्रश्न: आमचा निसर्ग गट दर हिवाळ्यात हिप्परगा तलावावर पक्षी मोजतो. यंदा उन्हाळ्यात पत्र्याच्या घरांतलं तापमान मोजायचा विचार आहे, थोडा निधीही मिळालाय. अडचण अशी, की आमच्याकडे येणारी माणसं कायम तीच: जुळे सोलापूर, होटगी रोड, कॉलेजची मुलं. पूर्व भागातून, विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीतून कोणी येत नाही. तेलुगू आणि कन्नडमध्ये पोस्टर लावली, तरी नाही. काही सहकारी म्हणतात, शाळा न शिकलेल्या बायकांनी घेतलेल्या नोंदी शास्त्रीय म्हणून कोण मानणार? आणखी एक. पक्षीगणनेत पारधी समाजाला बोलवावं असं मला फार वाटतं. कसं बोलवू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, कोणी आलं नाही याचं कारण पोस्टरांत शोधू नका. रविवारी पहाटे हिप्परग्याला पोचायचं तर गाडी हवी, दुर्बीण हवी आणि तीन-चार तास मोकळे हवेत. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजारावर मिळते. मांडीवरचं सूप खाली ठेवलं की तिची कमाई थांबली. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला माणूस रविवारी झोप काढतो. तुमच्या उपक्रमात प्रश्न तुमचा, जागा तुमची आणि वेळही तुमचीच. माणसं तेवढी त्यांची हवीत. पोस्टर कितीही भाषांत लावलं तरी हे बदलत नाही.

उन्हाळ्याचा विषय त्या मानानं फार चांगला निवडलात. तो त्यांच्या घरातला आहे आणि मोजायला कुठं जावं लागत नाही. तरी सगळं आधी ठरवून शेवटी बायकांच्या हातात यंत्र देऊ नका. मोजायचं काय, कुठं आणि कधी, हे ठरवतानाच त्या बसलेल्या हव्यात. सौजन्य म्हणून तर हे करायचंच, पण त्याशिवाय मोजणीच चुकते. कशी ते सांगतो.

वेधशाळेचं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, हवेशीर पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत घेतात. तीच पद्धत घरात आणली, तर तुम्ही यंत्र भिंतीवर छातीच्या उंचीला टांगाल. विडी वळणारी बाई मात्र जमिनीवर बसते. सकाळी उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी ती उंबऱ्यापाशी असते, ऊन दारात आलं की आत सरकते, दुपारी कधी शेजारच्या लिंबाखाली जाते. पंखा असला तरी काम चालू असताना तो बंद ठेवावा लागतो, कारण वाऱ्यानं तंबाखू उडते आणि भिजवलेलं पान वाळतं. हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि कळल्यावर यंत्राची जागा बदलते: ती बसते त्या ठिकाणी, जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर, भिंतीपासून चार बोटं पुढे, चुलीपासून आणि थेट उन्हापासून लांब. नोंदीच्या कार्डावर एक रकानाही वाढतो: आज दुपारी काम कुठं केलं? उंबरा, आत, बाहेर. तीन चित्रं, एकावर खूण.

पत्र्याच्या घराची आणखी एक खोच आहे. तापलेला पत्रा वरून सरळ अंगावर उष्णता टाकतो. साधं यंत्र फक्त हवेचं तापमान सांगतं, त्यामुळे आकडा 39 दिसतो आणि बाईला मात्र भाजल्यासारखं होतं. म्हणून निदान पाच घरांत दुसरं यंत्रही ठेवा. वायर आणि टोकाला सेन्सर असलेलं थर्मामीटर घ्या. 40 मिलिमीटरच्या टेबल टेनिसच्या चेंडूला छिद्र पाडा, बाहेरून चकाकी नसलेला काळा रंग द्या, सेन्सरचं टोक बरोबर मध्यभागी येईल असं आत सरकवा आणि छिद्र एमसीलनं बुजवा. हा काळा चेंडू पत्र्याची धग पकडतो. चेंडू आणि हवा यांच्या आकड्यांतला फरक म्हणजे छताची कामगिरी.

घरं निवडताना फक्त पत्रा घेऊ नका. पत्रा, स्लॅब, कौलं आणि जुनं माळवद, प्रत्येकी दहा, अशी चाळीस घरं पुरेत. पत्रा दुपारी झपाट्यानं तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता पिऊन घेतो आणि रात्री सोडत राहतो. दुपारचाच आकडा घेतलात तर पत्रा वाईट ठरेल, पण रात्री झोप कोणाची उडते हा प्रश्न बाजूलाच राहील. म्हणून नोंदी तीन हव्यात: पहाटे उठल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री झोपताना. अगदी घड्याळावर नको. 'तीनच्या सुमारास' म्हणजे अडीच ते साडेतीन, एवढी मोकळीक ठेवा.

आता यंत्रं. तापमान आणि आर्द्रता एकत्र दाखवणारं एचटीसी-1 नावाचं छोटं डिजिटल यंत्र साधारण 250 ते 400 रुपयांत मिळतं. त्याची अचूकता एक अंश इकडेतिकडे आणि आर्द्रतेला पाच टक्के इकडेतिकडे. चाळीस घरांसाठी 46 घ्या, काही बाद होणारच. घरोघर देण्याआधी सगळी एका टेबलावर, पंखा आणि खिडक्या बंद ठेवून, 24 तास शेजारी-शेजारी ठेवा आणि तीनदा आकडे उतरवा. मधल्या आकड्यापासून एका अंशाहून लांब असलेलं यंत्र बाजूला काढा. बाकीच्यांच्या पाठीवर फरकाची चिठ्ठी चिकटवा, 'उणे 0.6' अशी. हा फरक तुम्ही नंतर हिशेबात धरायचा, बाईनं नाही. तिनं दिसतो तोच आकडा लिहायचा.

आर्द्रतेची पारख मिठानं होते. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतकंच भिजेल एवढं पाणी घाला. मीठ विरघळून पाणी झालं तर जास्त झालं. झाकण आणि यंत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा तास ठेवा. आकडा 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवा. सात टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या यंत्राची आर्द्रता वापरू नका.

घरात गेल्यावर काय बिघडतं तेही सांगून ठेवतो. यंत्र पत्र्याच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलं की ते खोलीऐवजी पत्र्याचा ताप दाखवतं. मुलं खेळताना सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण दाबतात, मग कार्डावर 104 येतं. ही चूक आकड्यावरूनच ओळखू येते, त्यासाठी कोणाला बोलू नका. बटणावर सेलोटेप लावली की प्रश्न मिटतो. कमाल-किमान स्मृतीचं बटण रोज पहाटे दाबून धरून पुसलं नाही, तर एखाद्या कडक दिवसाचा आकडा आठवडाभर तसाच राहतो. हे पुसणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून प्रत्येकीकडून तीनदा करून घ्या.

तुमच्या सहकाऱ्यांच्या शंकेचं उत्तर इथंच आहे. नोंदीचा दर्जा शाळेच्या इयत्तेवर ठरत नाही. यंत्र तपासलंय का, जागा बरोबर आहे का, मोजणाऱ्याला खोटं लिहायची गरज पडते का, यावर ठरतो. दिवसाला हजार विड्या एका मापाच्या वळणाऱ्या आणि चेकरच्या, म्हणजे विड्या तपासणाऱ्याच्या, छाटणीतून पार पाडणाऱ्या हातांना काटेकोरपणा शिकवायला नको. शंका उरलीच, तर दर दहा घरांमागे एका घरात दोन यंत्रं ठेवा, एक झाकून, आपोआप नोंदणारं. दोन्ही ताडून पाहा आणि जुळणी किती झाली ते अहवालात छापा. कॉलेजच्या मुलांच्या नोंदींनाही हीच कसोटी लावा. एकाच गटाची परीक्षा घेणं बरं नाही.

खोट्या नोंदी बहुतेक वेळा पैशाच्या पद्धतीतून येतात. 'प्रत्येक नोंदीला इतके रुपये' ठेवलं की राहून गेलेला रकाना अंदाजानं भरला जातो. कार्डावर ओळीनं 38.0, 39.0, 38.0 असे सगळे पूर्ण आकडे दिसले की समजावं. मानधन आठवड्याला ठरावीक द्या, रकाने रिकामे राहिले तरी. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा: रिकामा रकाना चालतो, भरलेला खोटा रकाना चालत नाही.

मानधन द्यायचंच. 'लोकसहभाग आहे, सेवाभावानं करावं' हे पगारी माणसानं हजारीवर जगणाऱ्या बाईला सांगू नये. हिशेब साधा आहे. तीन नोंदींना दिवसाला दहा मिनिटं, म्हणजे आठवड्याला 70 मिनिटं. आठवड्याला 100 रुपये धरले तर चाळीस घरं आणि आठ आठवडे मिळून 32,000 रुपये होतात. यंत्रांचा खर्च साधारण त्याच्या निम्मा, सोळा हजार. निधी कमी असेल तर घरं कमी करा, मानधन कापू नका. प्रशिक्षणाचे दोन तास वेगळे धरा, आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या.

प्रशिक्षण ठेवताना आधी एकच गोष्ट विचारा: तुमच्याकडं पाणी कधी सुटतं? सोलापुरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याच्या दिवशी कोणी बाई कुठल्या सभेला येणार नाही, आणि शेजारच्या दोन गल्ल्यांचा दिवस वेगळा असू शकतो. नोंदींतही हा दिवस दिसतो: रकाने रिकामे राहतात आणि फरशी धुतल्यामुळे घरातली आर्द्रता चढते. कार्डावर नळाचं छोटं चित्र छापा आणि त्या दिवशी खूण करायला सांगा, म्हणजे नंतर चढ-उताराचा अर्थ लागतो. 14 एप्रिलचा आठवडा मोकळा ठेवा. मे महिन्यात पुष्कळ कुटुंबं लग्नाला, गावाकडं जातात, घराला कुलूप लागतं. ज्या घरांत उकाडा जास्त, तीच माणसं आधी गावी गेली, तर तुमची सरासरी कमी दिसेल. कुलूप लागलेल्या घरांची यादी वेगळी ठेवा आणि निष्कर्षात ते स्पष्ट लिहा.

भाषेचं म्हणाल, तर तेलुगू बोलणाऱ्या घरात सूचना तेलुगू लिपीतच हवी असं धरून चालू नका. घरी तेलुगू, शाळा मराठी, असं इथं खूप आहे. काहींना दोन्ही लिप्या येत नाहीत, काहींची शाळा उर्दू. सूचना बोलून द्या. दीड मिनिटाचा आवाजी निरोप त्याच गल्लीतल्या बाईच्या आवाजात रेकॉर्ड करा, तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी, आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. कार्डावर शब्द कमी, चित्रं जास्त: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. आकडे यंत्रावर दिसतात तसे, म्हणजे इंग्रजी वळणाचे. ते फोनमुळे बहुतेकींना ओळखीचे असतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आकडा बोलून दाखवणारं थर्मामीटर मिळतं, एक-दोन घेऊन ठेवा. ॲपची सक्ती नको. घरात फोन एक असतो आणि दुपारी तो नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर बाहेर असतो. कार्ड आठवड्यानं गोळा करा आणि संगणकावर तुम्ही चढवा.

कोणामार्फत जायचं याला फार महत्त्व आहे. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून जाऊ नका. तिथं रोज बायका पान-तंबाखू न्यायला आणि माल द्यायला येतात म्हणून ते सोपं वाटेल, पण मालकाच्या माणसानं सांगितलेल्या कामाला 'नको' म्हणायची मोकळीक तिला नसते. नगरसेवकामार्फत गेलात तर काम एका पक्षाचं होतं. आशाताई आल्या तर लोकांना तो सरकारी सर्व्हे वाटतो, आणि त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ कामं आहेत. बचत गटाची महिन्याची बैठक सगळ्यात बरी. तिथं बायका एकमेकींच्या ओळखीच्या असतात आणि मोकळेपणानं नाही म्हणतात. कामगार संघटनेलाही कळवा, निदान अंधारात ठेवू नका.

पहिल्या बैठकीत फॉर्म नेऊ नका. तुमच्या हातात कागद दिसला की पहिला प्रश्न येणार, "हे कशाला लिहून घ्यालाव?" आणि तो रास्त आहे. ज्यांची घरं झोपडपट्टीत, ज्यांच्या विजेच्या मीटरचं किंवा घरपट्टीचं काही अडलेलं, त्यांच्या दारात लिहून घेणारा माणूस चांगल्या बातमीसाठी क्वचितच आलेला असतो. म्हणून तुमच्या नोंदीत नाव, आधार, मीटर नंबर काही नको. घराला फक्त क्रमांक द्या. क्रमांक आणि पत्ता यांची यादी एकाच वहीत, एकाच माणसाकडं. नकाशावर घर दाखवायचं तर अक्षांश-रेखांश दोनच दशांशस्थळांपर्यंत ठेवा, म्हणजे जागा साधारण एक किलोमीटरच्या चौकटीत कळते. तीन स्थळं ठेवलीत तर ती शंभर-एक मीटरवर येते आणि गल्ली ओळखू येते. घराच्या आतले फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, परवानगी मिळाली तरीही. पाहुण्याला नाही म्हणायला अवघड जातं म्हणून ती मिळते. शाळकरी मुलगी आईसाठी आकडे लिहीत असेल तर छानच, पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. तिची माहिती कुठल्याही ॲपमध्ये भरायची तर आधी पालकाची संमती घ्या. आणि मानधन आईच्या हातात.

निकाल आधी गल्लीत, मग वर्तमानपत्रात. दर आठवड्याला प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा आलेख द्या, एका कागदावर, घरची रेघ लाल आणि वेधशाळेची निळी. पहिल्या आठवड्यात हा कागद हातात पडला की दुसऱ्या आठवड्यात गळती फार कमी होते. मग पुढचा प्रश्न त्यांना काढू द्या. बहुतेक तो असा येईल: पत्र्याला चुना मारला तर फरक पडतो का? हे करून बघता येतं. पत्र्याच्या दहा घरांच्या चिठ्ठ्या टाका आणि पाच निवडा. दोन आठवडे कोणाच्याच पत्र्याला हात न लावता मोजा. मग त्या पाच घरांना पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग द्या आणि दहाही घरांत मोजत राहा. रंग न दिलेली पाच घरं सोबत नसतील तर ढगाळ आठवड्याचं श्रेय चुन्याला जाईल. आणि मेच्या मध्याआधी उरलेल्या पाच पत्र्यांनाही चुना द्या. तुलनेसाठी कोणाला अख्खा उन्हाळा तापत ठेवणं योग्य नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं हे आकडे नेताना बायकांपैकी दोघी-तिघी सोबत हव्यात, बोलणाऱ्या म्हणून. अहमदाबादनं 2013 मध्ये शहराची उष्णता कृती योजना केली. आपल्या शहरासाठी तसं काही मागायचं तर घरातल्या रात्रीच्या तापमानाचे आकडे फार उपयोगी पडतात.

पारधी समाजाचं. तुमची भावना चांगली आहे, पण इथं घाई केलीत तर नुकसान त्यांचं होईल. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर, पारध्यांवरही, गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या आतली वसाहत होती आणि 'सेटलमेंट' हे नाव शहरात अजून टिकून आहे. अशा माणसाला तुम्ही सहज विचाराल, "तितर कुठं सापडतो, कसा धरायचे?" आणि उत्तर वहीत लिहाल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते उत्तर त्याच्या अंगाशी येऊ शकतं. म्हणून पकडण्याविषयी विचारू नका, कोणी आपणहून सांगितलं तर लिहू नका, रेकॉर्डिंग तर अजिबात नको. माळरानावर कोणता आवाज कोणाचा, कुठल्या गवतात कोणत्या महिन्यात कोण दिसतं, एवढंच विचारा. हे ज्ञान मोठं आहे, तेव्हा त्याला वाटाड्याचा पूर्ण दर द्या, शहरातल्या तज्ज्ञाला द्याल तोच. यादीत त्याचं नाव हवं का, हे त्यालाच ठरवू द्या. जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवी-धाविकासारख्या पक्ष्यांची घरट्याची जागा सार्वजनिक यादीत टाकू नका. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा अस्पष्ट ठेवायची सोय आहे, ती वापरा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी सगळ्यांच्या नावानं आधी घ्या, म्हणजे अडवलं तर सोबतच्या पारधी माणसाला एकट्यालाच अडवणार नाहीत.

फेब्रुवारीत बचत गटाची पहिली बैठक, मार्चच्या सुरुवातीला यंत्रांची पारख आणि होळीनंतर मोजणी, असा क्रम धरा. त्या पहिल्या बैठकीत बायका म्हणाल्या, की उकाड्याचं नंतर बघू, आधी ड्रममधलं पाणी चौथ्या दिवशी प्यायच्या लायकीचं राहतं का ते सांगा, तर विषय बदला. निधी देणाऱ्यांना तसं पत्र लिहा. त्यासाठी डीपीडी गोळ्यांचा क्लोरिन तपासणी किट घ्या. ऑर्थोटोलिडीनचं द्रावण स्वस्त पडतं, पण ते विषारी आहे, लेकरं असलेल्या घरात ठेवायचं नाही. नळ सुटल्यावर लगेच एक तपासणी करा, मग त्याच ड्रममधून रोज एक, पुढचं पाणी येईपर्यंत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावा. तो कितव्या दिवशी संपतो, हे झाकलेल्या आणि उघड्या ड्रमसाठी वेगवेगळं लिहा.